मला पुण्याला नेलं नाही

आमच्या जाऊबाईंना न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांना पुण्याला नेलं, आणि मला झाला तेव्हा निरगुडसरच्या स्टँडजवळच्या दवाखान्यात ठेवलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या आजारपणात तापानं मला जेवढं जाळलं नसेल तेवढं या गोष्टीनं जाळलं.

सत्तरी ओलांडलेलं माणूस एकाएकी आजारी पडलं की त्याला जवळच ठेवावं की लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं, हा प्रश्न आता आमच्याकडं घरोघर पडतो. मी शाळेत शिकवायचे म्हणून लोक मला विचारायला येतात. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. माझ्यावर जे बेतलं ते सांगते, ज्याला उपयोग होईल त्याला होवो.

आम्ही दोघी

बाई थोरल्या, मी धाकटी. मी त्यांना ‘बाई’ म्हणायचे, त्या मला ‘मास्तरीन’. आमचे दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही आता नाहीत. घरं वेगळी, पण मधलं अंगण एकच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, बाई शेत बघायच्या. त्यांचा मिलिंद इंजिनियर होऊन पुण्याला मोठ्या कंपनीत लागला. माझा रवी गावातच छोट्या दुकानात विहिरीवरच्या जळक्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. मिलिंदला पाढे मी शिकवले, माझ्या ओट्यावर बसवून. रवीही शेजारीच बसलेला असायचा. एकाच्या डोक्यात शिरले, दुसऱ्याच्या नाही.

स्लॅबचं घर आधी बाईंचं झालं. गॅस आधी त्यांच्याकडं आला, रंगीत टीव्हीही. बुद्धपौर्णिमेला विहारात खिरीचं पातेलं पहिल्यांदा कुणी उचलायचं, तर बाईंनी. संध्याकाळी मी त्यांच्याकडं मालिका बघायला जायचे, आणि परत येताना माझ्याच घराचे पत्रे मला जास्त गंजलेले दिसायचे. बाई काही वाईट बोलायच्या नाहीत. उलट वाटीभर काहीतरी हातात द्यायच्या. त्यानं जास्तच लागायचं.

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. दिवाळी झाली आणि बाईंना ताप भरला. छातीत दुखायला लागलं. मिलिंदला फोन गेला, तो रात्रीच्या आत पांढरी गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर गादी, उशी, वर नवं ब्लँकेट. सगळी आळी रस्त्यावर उभी. गाडी निघाली तेव्हा एक शेजारीण म्हणाली, “काय पोरगं काडलंय, राव!” मी रवीकडं पाहिलं. त्याच्या हाताला ग्रीस होतं आणि तो गाडीमागं धावत बाईंच्या चपला द्यायला गेला होता.

बाई बऱ्याच दिवसांनी परत आल्या. वाळल्या होत्या, दोघांनी धरून उतरवलं. पण गावाला कौतुक वेगळंच. माणसं शहाळी, द्राक्षं घेऊन यायची आणि बाई पडल्या पडल्या सांगायच्या, “लिफ्टमधून वर नेलं. काचंची खोली व्हती. नर्सा समद्या केरळच्या, लई पांढऱ्याफेक कपड्यातल्या. भिंतीतून गार वारं यायचं.” मी चहा गाळत ऐकायचे. आजाराचा कुणाला हेवा वाटतो का? मला वाटला.

निदानाचा दिवस

महिन्याभरानं माझी पाळी आली. जानेवारीतली थंडी, सकाळी उसावर धुकं बसलेलं. खोकला होताच, मी त्याकडं लक्ष दिलं नव्हतं. एका सकाळी मी सुनेला, शोभाला, माझ्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि चुलीवरचं दूध उतू जाताना नुसतं बघत उभी राहिले. मला काही वेगळं घडतंय असं वाटलंच नाही. शोभा मात्र घाबरली. तिनं हात लावला, अंग फणफणलेलं.

रवीनं मोटारसायकलवर मला मधे बसवलं, मागून शोभानं धरलं. स्टँडजवळ आमच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. खाली तपासणी, वर एका खोलीत चार खाटा, कोपऱ्यात ऑक्सिजनचे सिलिंडर. डॉक्टर पन्नाशीचे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. त्यांनी बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं, छाती ऐकली, जीप करून मंचरला छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो उजेडात धरून ते मला म्हणाले, “मास्तरीणबाई, उजव्या बाजूला न्यूमोनिया आहे.”

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आता मलाही पुण्याला नेतील.

मला खाटेवर निजवून ते रवीला दाराबाहेर घेऊन गेले. दार लोटलं होतं, पण मला सगळं ऐकू येत होतं.

“पुण्याला न्यायचं म्हणाल तर चिठ्ठी देतो,” डॉक्टर म्हणाले. “पण आता जे इंजेक्शन लागणार ते माझ्याकडं आहे. ऑक्सिजन आहे. या वयात जागा बदलली, माणसं बदलली की डोकं आणखी भ्रमतं. उद्या संध्याकाळपर्यंत बघू. उतार पडला नाही तर मीच गाडीत घालून नेतो.”

“इथंच ठिवा,” रवी म्हणाला. जरासुद्धा थांबला नाही.

इथंच ठिवा. मी भिंतीकडं तोंड केलं. बाईंच्या पोरानं आईला पुणं दाखवलं, माझ्या पोरानं स्टँड.

चार खाटांची खोली

त्या खोलीत काही लपून राहायचं नाही. खाली एसटी लागली की कंडक्टरची घंटा ऐकू यायची. भजी तळल्याचा वास यायचा. शोभा सकाळी घरचं आवरून यायची. पेज, मऊ भात, कधी नाचणीची आंबील. संध्याकाळ व्हायच्या आत रवी तिला घरी सोडून स्वतः बसायला यायचा, कारण तेव्हा उसात बिबट्या फिरत होता आणि अंधारात त्या रस्त्यानं कुणी बाई एकटी जात नसे.

डॉक्टर मला पडून राहू द्यायचे नाहीत. हाताला सलाइन, नाकाला नळी, आणि म्हणायचे, “उठा, खुर्चीत बसा. फुप्फुसाला उभं राहायला आवडतं.” संडासला जायचं तर शोभा एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं सलाइनची बाटली धरायची. मी चिडायचे. बाईंना तिथं कुशीसुद्धा नर्सा बदलून द्यायच्या, आणि मला हे शाळेतल्या पोरासारखं उठबस करायला लावतात!

“बाईंना काचेची खोली होती,” मी एकदा शोभाला म्हणाले.

“आई, तुमी बोलू नका. दम लागंल.”

“गार हवेची होती.”

“इथं बी गारच हाय की,” ती म्हणाली आणि खिडकी लावली.

आजारी माणूस घरच्यांना किती छळतो हे त्याला तेव्हा कळत नाही. शोभाची घर-दवाखाना धावपळ चालली होती, रवीचे डोळे रात्रीच्या जागरणानं लाल असायचे, त्याचं दुकान बंद पडलं होतं. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मला फक्त पांढरी गाडी आणि नवं ब्लँकेट दिसायचं.

दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र मी बिघडले. श्वास पुरेना. छातीवर कुणीतरी ओला गोणपाट टाकल्यासारखं झालं. ओठ निळे पडले असं शोभा नंतर म्हणाली. डॉक्टर जेवणावरून उठून आले. ऑक्सिजन वाढवला, दुसरं इंजेक्शन सलाइनमधून सोडलं, आणि रवीला म्हणाले, “जीप सांगून ठेवा. संध्याकाळपर्यंत मी इथून हलत नाही. तोवर यंत्राचा आकडा वर आला नाही तर निघू.”

खाली जीप येऊन उभी राहिल्याचा आवाज मला आला. भीती होतीच. मरणाची भीती काय असते ते त्या दुपारी मला कळलं. मी मनात त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणायला लागले, पण अर्ध्यावर विसरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तरी त्या भीतीच्या खाली कुठंतरी बारीकसं समाधान होतं, की जीप आलीय, आता आपल्यालाही नेतायत.

डॉक्टर माझ्या उशाशी लोखंडी स्टुलावर बसून होते. मधेच बोटाचं यंत्र बघायचे. खालून कुणी पेशंट हाक मारत आला तर वरूनच सांगायचे, “थांबा, नाहीतर उद्या या.” उन्हं उतरली आणि माझा श्वास हळूहळू मोकळा व्हायला लागला. त्यांनी यंत्राकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खिडकीतून खाली ओरडले, “जीप जाऊ द्या!”

शोभा रडली. रवी जीपवाल्याचे पैसे द्यायला खाली गेला. आणि मी? मी जिवंत राहिले याचा आनंद मला झालाच, पण ती जीप रिकामी गेल्याचं वाईटही वाटलं. जसं वाटलं तसं लिहितेय.

रवी काय बोलला

ताप उतरला, जेवण जायला लागलं, तसं तोंडही सुटलं. एके सकाळी रवी माझं तोंड धुवायला तांब्या घेऊन आला आणि मी त्याला म्हणाले, “मिलिंदनं आईसाठी काय नाही केलं? तुला एकदाही वाटलं नाही का रे, की आपल्याही आईला न्यावं?”

त्यानं तांब्या खाली ठेवला.

“आई, मी काकीला बघाय गेलो व्हतो पुण्याला. आठवतं?”

“हो. बरी आहे म्हणालास.”

“बरी नव्हती. खाटंच्या दांड्याला हात बांधले व्हते तिचे.”

“बांधले? का?”

“नळ्या उपटायची म्हणून. त्यांचं बी काय चुकलं न्हाई, दुसरं काय करणार ते? पण तिला कळंनाच आपण कुठं हाय. मला वळखलं न्हाई. आत सोडायचे ते बी जरा वेळ, मग बाहेर. मिलिंद दिवसभर खाली खुर्चीत बसून असायचा. अन् काकी सारखी हाका मारत व्हती.”

“मिलिंदला?”

“तुला. ‘मास्तरीन, दार उघड, मास्तरीन, दार उघड.’ नुसतं तेवढंच.” त्यानं तांब्या पुन्हा उचलला. “मिलिंद म्हनला, घरी कुणाला सांगू नको, आईला लाज वाटंल. म्हनून बोललो न्हाई. पण तवाच ठरवलं व्हतं, माज्या आईला आसं कुणी नसल्यावानी ठिवायचं न्हाई. डॉक्टर न्या म्हनले असते तर नेलं असतं, खांद्यावर नेलं असतं. पण ते बघू म्हनले.”

त्यानं माझं तोंड धुतलं, माझ्याच पदरानं पुसलं. हात खडबडीत, ग्रीसचा वास आलेला. शेजारच्या खाटेवरच्या आजी आमच्याकडं बघत होत्या. त्यांना भेटायला त्या दिवशी कुणी आलं नव्हतं. त्यांच्या नजरेत जे होतं ते मी लगेच ओळखलं. ते माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

अंगणात

मी घरी चालत आले. म्हणजे रिक्षातून उतरून ओट्यापर्यंत चालत आले. बाई त्यांच्या दारात खाटेवर बसल्या होत्या. पुण्याहून आल्यापासून त्यांचे पाय गेले होते. इतके दिवस पडून राहिल्यानं मांड्यांत ताकदच उरली नव्हती, पाठीला झालेली जखमही भरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं.

“चालतीस तू,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टर पडूच द्यायचे नाहीत.”

“शोभा व्हती का जवळ?”

“रोज. रात्री रवी.”

“भाकर घरची?”

“पेज, आंबील. घरचंच.”

बाईंनी तोंड फिरवलं. “मला तिथं काचंतून दाखवायचे पोराला,” त्या म्हणाल्या. “तुजं नशीब लई चांगलं, मास्तरीन. पयल्यापासून. नवरा शानपनाचा, पगार सोताचा, पोरगं दारात. मी टीवी लावून बसायचे, अन् तुज्या घरातून भांडनाचा आवाज आला तरी मला बरं वाटायचं. भांडाय का व्हईना, मानसं तर हायती.”

माझ्या घरात पत्रे गळतात म्हणून मी त्यांचा हेवा केला, आणि त्या पत्र्यांखाली माणसं भांडतात म्हणून त्यांनी माझा. इतकी वर्षं, एका अंगणात. मला हसू आलं, आणि तेवढ्यात त्यांनी पुण्याचं ते नवं ब्लँकेट पायांवर ओढून घेतलं. किती मऊ होतं ते! पुन्हा हेवा वाटलाच. ही खोड एका संभाषणानं जात नाही.

बाईंची दुसरी वेळ

श्रावणात बाईंना पुन्हा ताप आला. मिलिंद पुन्हा गाडी घेऊन आला. या वेळी बाईंनी खाटेचा गात, म्हणजे कडेचा दांडा, दोन्ही हातांनी धरला.

“मी न्हाई जायाची. मला इथंच मरू दे.”

“आई, लोक काय म्हणतील? म्हणतील पैसेवाला असून आईला घरात टाकली.” मिलिंदचा चेहरा इतका ओढलेला मी कधी पाहिला नव्हता. ओट्यावर बसून पाढे म्हणणारा तोच मुलगा. तो माझ्याकडं वळला. “काकू, तुम्ही तरी सांगा तिला.”

मी म्हणाले, “डॉक्टरांना बोलावू. ते न्या म्हणाले तर बाईंना मी समजावते. नको म्हणाले तर तू ऐक.”

डॉक्टर आले, तपासलं. “लघवीच्या जंतूंचा ताप दिसतोय, आणि हृदय थोडं थकलंय,” ते मिलिंदला समोर बसवून म्हणाले. “न्यायला माझी ना नाही. पण तिथं जे सलाइन लावतील ते मी इथं या घरातच लावू शकतो. सकाळ-संध्याकाळ मी येईन, मधे सिस्टर येईल. अट एकच. तुमच्यापैकी कुणीतरी चोवीस तास जवळ पाहिजे. आणि मी न्या म्हणालो की मग वाद नाही.”

“मी थांबतो,” मिलिंद म्हणाला.

भिंतीत खिळा मारून सलाइन टांगलं. दवाखाना घरात आला! मिलिंदनं रजा काढली आणि आईच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपायला लागला. शोभा जाऊन त्यांचं अंग पुसायची, वेणी घालायची. बाई एकदाही भ्रमल्या नाहीत. उशाशी त्यांचीच भिंत होती, दारात त्यांचीच म्हैस ओरडायची.

मी डॉक्टरांना गाठलं. “माझ्या वेळी नाही सुचलं घरी सलाइन लावायचं?”

ते हसले. “तुम्हाला ऑक्सिजन लागत होता, मास्तरीणबाई. सिलिंडर कुठं वाहून आणला असता?”

उत्तर बरोबर होतं, तरी मला आवडलं नाही. माझी सून त्यांची वेणी घालत होती, माझे डॉक्टर त्यांच्या खाटेवर बसून चहा पीत होते. आठवड्याभरात बाईंचा ताप गेला.

जे विचारायचं ते

मोठ्या हॉस्पिटलाला मी नावं ठेवत नाही. पहिल्या वेळी बाईंचा जीव तिथंच वाचला, हे मिलिंदला मी स्वतः सांगितलं, कारण तो उगाच स्वतःला दोष देत होता. खुब्याचं हाड मोडलं, अर्धांगाचा झटका आला, छातीत कळ आली तर दारात विचार करत बसू नका, निघा. पण साधा ताप, छातीचा कफ, अंगातलं पाणी कमी होणं, अशा वेळी आपल्या डॉक्टरांना तोंडावर विचारा की तिथं जे होणार ते इथं होईल का, आणि नाही झालं तर तुम्ही कधी हलवणार. त्यांच्याकडं याचं सरळ उत्तर नसेल तर मात्र हलवा. आणि घरच्यांनी स्वतःला विचारावं, जवळ बसायला कोण आहे. बसणारं कुणी नसेल तर घर कसलं आणि दवाखाना कसला. शोभानं आणि रवीनं काय सोसलं ते मी बरी झाल्यावर हळूहळू बघितलं. आजारी माणसाला जमलं तर तेव्हाच बघावं. मला जमलं नव्हतं.

उन्हाळा

पुढच्या उन्हाळ्यात, आंबे पाडाला आले होते तेव्हा, बाई गेल्या. नवं काही दुखणं नव्हतं. जेवण तुटलं, बोलणं कमी झालं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मिलिंदला म्हणाले, “आता सुई टोचत नाही. जवळ बसा.”

सकाळी बाईंनी हातानं खूण केली, खाट बाहेर घ्या. अंगणात कोवळं ऊन होतं. मिलिंदनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रवी पायाशी उभा. शोभानं चमच्यानं चहा पाजला. बाईंनी तो तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, “साखर कमी हाय.” सगळ्यांना हसू आलं, मिलिंदलाही. ते हसू ओठांवरून जायच्या आत त्यांचा श्वास थांबला होता. कुणाला कळलंसुद्धा नाही, आधी शोभाला कळलं.

मी त्यांचे पाय धरून बसले होते. रडत होते, मोठ्यानं. रडता रडता माझी नजर त्या मांडीवर गेली, त्या उन्हावर, बाईंच्या मोकळ्या हातांवर. असं मरण मला मिळेल का, हे कुणी सांगावं?

बाई, तुम्ही इथंही माझ्या आधी.